पोपटी साडी आणि बेबीताईंचं तेल

अक्का, आधी भांडण. रडणं नंतर.

तुम्हाला जाऊन अजून दोन महिनेही झाले नाहीत, आणि गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण आपण पडलो जावा. तुम्ही थोरल्या, मी धाकटी. जावा-जावांनी एवढी वर्षं संसार करावा आणि एकदाही तोंड वाजवू नये, असं कुठे झालंय का? तुम्ही रावेरजवळच्या गावात, केळीच्या मळ्यात. मी जळगावात, तिसऱ्या मजल्यावर, मोठ्या दवाखान्यांपासून हाकेच्या अंतरावर. त्या हाकेच्या अंतरातच माझा सगळा राग आहे.

तुमचा खांदा दुखत होता. तुम्ही ग्रुपवर विचारलंत, काय लावू? ग्रुपने तेल सांगितलं. तुम्ही लावलंत. आणि आठवडा उलटायच्या आत, केळीची गाडी भरणाऱ्या माणसांना चहा ओतता ओतता तुम्ही ओट्यावर बसलात, त्या उठलाच नाहीत. पंकजने गाडी काढली. पोरगा आईला मागच्या सीटवर निजवून जळगावकडे निघाला, पण सावदा ओलांडल्यावर रस्त्यातच सगळं संपलं. मी दवाखान्याच्या दारात उभी होते. डॉक्टर नंतर म्हणाले, ते खांद्याचं दुखणं नव्हतंच. हृदय सांगावा धाडत होतं, तो खांद्यातून येत होता.

तेव्हापासून एका गोष्टीवरून घरात, ग्रुपवर आणि माझ्या मनात जे चाललंय ते तुम्हाला सांगायचं आहे. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर अर्धंच कळेल.

पण त्याआधी ती पोपटी साडी.

मी धुळ्याची. आमच्याकडे केळी हातगाडीवर दिसतात, झाडावर नाही. लग्न होऊन नुकती आले होते आणि मळा बघायला माहेरची पोपटी साडी नेसून गेले. कुणीतरी घड कापत होतं, मी हौसेने दांडा धरायला गेले. पदरावर पाण्यासारखं काहीतरी ओघळलं. पाणीच असेल म्हणून मी झटकलं. दुसऱ्या दिवशी दोरीवरून साडी काढली तर पदरभर काळेकुट्ट डाग. केळीचा चीक आज दिसत नाही, उद्या काळा पडतो, हे या घरात जन्मलेल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. फक्त मला नव्हतं. आणि सासूबाईंची जीभ तुम्हाला ठाऊकच आहे. ‘मायनं काहीच शिकवलं नाही’ हे वाक्य त्यांच्या ओठांवर कायम तयार असायचं.

मी मोरीत जाऊन लिंबू घासत बसले होते. तुम्ही आलात, पदर हातात घेऊन बघितलात आणि म्हणालात, “निंघत नाही वं माय हा. साडी फाटते पन डाग जात नाही.” मला रडू फुटलं. तुम्ही सरळ परसात गेलात, केळीचं एक पान कापलंत, आणि त्याचा दांडा स्वतःच्या अंगावरच्या चांगल्या पदरावरून वरपासून खालपर्यंत फिरवलात. मी बघतच राहिले.

“काहून बघते अशी? आता बोलतीन तं दोघींले बोलतीन,” तुम्ही म्हणालात.

आणि गंमत म्हणजे तुमचा डाग उमटायला अजून एक रात्र जायची होती. तोवर माझी साडी तुम्ही धान्याच्या कोठीमागे दडवून ठेवलीत. दोन्ही साड्या एकदमच सासूबाईंपुढे गेल्या.

तुमचा ग्रुप म्हणजे दुसरं काय होतं? पुढे घरोघरी फोन आले, तेव्हा तुम्ही घरातल्या, भावकीतल्या, मळ्यावर येणाऱ्या बायका गोळा केल्यात आणि नाव ठेवलंत ‘इचार वं माय’. मला सोबतीला अॅडमिन केलंत, कारण तुम्हाला बोलता यायचं पण टाइप करायचा कंटाळा. नियम एकच. ‘एवढंबी येत नाही का?’ असं कुणी कुणाला म्हणायचं नाही. म्हटलं की बाहेर. तुमच्या सख्ख्या मावसबहिणीला तुम्ही या एका वाक्यापायी काढलंत, आणि पुढची दिवाळी तिच्या घरी फराळालाही गेलात, जसं काही झालंच नाही.

काय काय विचारायच्या बायका! कूलरच्या गवताला कुबट वास येतोय. बिबड्यांचं पीठ जास्तच आंबलंय, फेकू की पापड घालू? खारींनी ठिबकच्या नळ्या कुरतडल्यात, त्यांना काय चोळू? एकीने विचारलं, नवरा फार घोरतो, काय करावं? तुम्ही उत्तर पाठवलंत, “त्याच्याआधी तू झोप.” मूळच्या बायकांनी आपापल्या बहिणी आणल्या, बहिणींनी नणंदा. यावलपासून शिंदखेड्यापर्यंत पसरला ग्रुप. किती जणी झाल्या ते मोजायचं मी सोडून दिलं.

त्यातच शिंदखेड्याच्या बेबीताई आल्या. कधी पाहिल्या नव्हत्या आपण. त्यांचं उत्तर नेहमी आवाजात यायचं आणि मागे शेळी ओरडत असायची. अर्ध्या ग्रुपचे गुडघे त्यांच्या लसूण-ओव्याच्या तेलावर चालत होते. तुमची आणि त्यांची इतकी गट्टी जमली की दुपारी मी फोन लावला की तुमचा लागलेलाच असायचा. मला राग यायचा. आज सांगते, सरळ सरळ मत्सर वाटायचा. एवढ्या वर्षांची जाऊ मी, आणि तुम्हाला एका आवाजाचं वेड लागलेलं.

पण तुम्ही माझ्यासाठी जे केलंत तेही त्याच ग्रुपवर. माझी लेक झाली, त्यानंतर मला सारखं रडू यायचं. बाळ जवळ घ्यावंसं वाटेना. कुणाला सांगणार? सांगितलं तुम्हाला, तेही फोनवर, कुजबुजत. तुम्ही ग्रुपवर माझं नाव न घेता विचारलंत, “एका लेकुरवाळीले असं असं व्हते, कोनाले झालं व्हतं का?” आणि एकामागून एक बायका बोलायला लागल्या. मला झालं होतं. मला पण. मला तर तिन्ही वेळा. मी चादरीखाली फोन धरून ते वाचत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की मी वेडी नाही. पण तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. पहिल्या एसटीने जळगावला आलात, बाळ काखेत घेतलंत, मला चप्पल घालायला लावलीत आणि डॉक्टरांकडे घेऊन गेलात. “ग्रुपनं धीर दिला, आता औषिध तो देईन,” असं म्हणालात.

म्हणजे तुम्हाला कळत होतं, अक्का. कुठे धीर पुरतो आणि कुठे डॉक्टर लागतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. दुसऱ्यासाठी दवाखाना आणि स्वतःसाठी तेल, हा कुठला न्याय?

आणि आपलं ते भांडण. मी म्हटलं होतं, एक नियम वाढवू. छातीत दुखणं, श्वास लागणं, तान्ह्या बाळाचा ताप, असलं काही आलं की एकच उत्तर, डॉक्टरकडे जा. तुम्ही उसळलात. “तुह्या घराखाली दवाखाना हाय म्हनून तू बोलते. डोंगराकडच्या बाईले डाक्टर म्हनजे एक दिवसाची मजुरी, गाडीचं भाडं, आन नवऱ्याची परवानगी. तिले तू नुस्तं ‘डाक्टरकडे जा’ म्हनशीन तं ती इचारनंच बंद करीन.”

“आणि विचारत विचारत मेली तर?” मी म्हटलं.

तुम्ही फोन ठेवलात. आठ-पंधरा दिवस बोलला नाहीत. मग एक दिवस भरिताची हिरवी वांगी पाठवलीत गावच्या एका पोराबरोबर, आणि मी समजले की अबोला संपला. भांडण मात्र तिथेच राहिलं. मी ते वाक्य तुमच्यासाठी म्हटलं नव्हतं, अक्का. माझ्या तर स्वप्नातही नव्हतं.

मग तो तुमचा शेवटचा प्रश्न. तुमचा पहिलाही तोच, कारण तोवर तुम्ही स्वतःसाठी कधी काही विचारलं नव्हतंत. “मायबाईहो, आता माही पाळी. डावा खांदा लय दुखू राह्यला. केयीची कापनी चालू हाय, फण्या उचलू उचलू झालं असीन. काय लावू?”

खान्देशात कापणीच्या दिवसांत कुणाचा खांदा दुखत नाही? केळी असो की कापूस, हंगामात बायकांचे खांदे दुखतातच, पावसाळ्यात छप्पर गळावं तसे. म्हणून कुणालाच काही वावगं वाटलं नाही. कुणी शेक सांगितला, कुणी निरगुडीचा पाला. बेबीताईंनी तेल सांगितलं, कसं कढवायचं तेही सांगितलं. मी लिहिलं, “अक्का, डावा खांदा आहे. जळगावला या, मी दाखवून आणते.” तुम्ही मला अंगठा पाठवलात आणि त्याखाली बोललात, “गाडी भरली का येते.” दुसऱ्या दिवशी बेबीताईंना मात्र भरभरून लिहवून घेतलंत पंकजकडून: फरक पडला, जादू आहे तुझ्या हातात.

मला अंगठा. त्यांना जादू.

तुम्ही गेल्यावर दारावर माणसं येत होती. आपल्याकडची रीत, यायचं, ओट्यावर बसायचं, रडायचं असेल तर रडायचं, आणि उठताना ‘येते’ म्हणायचं नाही. भावकी येऊन गेली. मग अनोळखी बायका यायला लागल्या. कुणी विचारलं, कुठल्या? तर एकच उत्तर, “ग्रुपच्या.” भाऊजी चक्रावले. आपली बायको घराबाहेर फारशी पडत नव्हती आणि तिच्यासाठी यावलहून, चोपड्याहून बायका कशा येतात, हे त्यांना कळेना.

आणि एक दिवस दुपारी एक ठेंगणी, वाळकी बाई दारात उभी राहिली. पायात धूळ. शिंदखेड्याहून धुळे, धुळ्याहून जळगाव, तिथून रावेर, रावेरहून गाव, अशा चार एसट्या बदलत एकटी आलेली. तोंड उघडलं आणि मला आवाज ओळखू आला. फक्त मागे शेळी नव्हती.

“ताई, मी शिंदखेडानी बेबी.”

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला पंकज बसला होता. त्याच्या हातात तुमचा फोन होता. तुम्ही गेल्यापासून त्याने तो खाली ठेवलाच नव्हता. ग्रुपवरचं सगळं त्याने वाचलं होतं, पुन्हा पुन्हा. त्याने मान वर केली.

बेबीताई माझ्याजवळ सरकल्या. माझा हात हातात घेतला. “एकच इचाराले येल शे मी, ताई. मनं तेल तिनी लायं व्हतं ना? गुन उना व्हता ना तिले? तिना खांदा शेवटलोंग दुखे का वं?”

बाईला काहीच माहीत नव्हतं. ग्रुपवर मी एवढंच लिहिलं होतं की अक्का अचानक गेल्या. तिला वाटत होतं, आपण मैत्रिणीचं शेवटचं दुखणं तरी हलकं केलं. तेवढं एक समाधान न्यायला ती चार एसट्या बदलून आली होती. आणि पंकज उठून उभा राहिला. त्याच्या मानेची शीर मला दिसत होती.

मी त्याच्याकडे बघितलं. काय होतं माझ्या नजरेत, मला माहीत नाही, पण तो थांबला.

“तुमच्या तेलाने फरक पडला, असं त्यांनीच लिहवून घेतलं होतं की,” मी म्हटलं. हे खरंच होतं. आणि किती अपुरं होतं!

बेबीताई पदर तोंडाला लावून रडल्या. मग उठल्या, तुमच्या फोटोला हात जोडले आणि काही न बोलता, रीतीप्रमाणे, निघून गेल्या.

त्या दिसेनाशा झाल्यावर पंकज माझ्यासमोर आला. एरवी माझ्याशी कधी आवाज न चढवणारा पोरगा. “काकू, त्या बाईला पाठीशी घातलं तुम्ही.”

“काय सांगायला हवं होतं?”

“खरं. आई तेलावर विसंबून राहिली. नाहीतर आली असती जळगावला.” मग तो हळू आवाजात म्हणाला, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली, “तेरावं झालं की ग्रुप बंद करा. तुम्ही नाही केला तर आईच्या फोनवरून मी लिहितो. सगळं. नाव घेऊन.”

मी त्याला काही समजावलं नाही. कसं समजावणार? अक्का, तुम्हाला सांगायला लाज कसली, माझ्या मनाचा एक कोपरा म्हणत होता, लिहू दे. कळू दे सगळ्यांना की धाकटीने वेळेवर सांगितलं होतं आणि थोरलीने ऐकलं कुणाचं. तुमच्या चितेचा धूर डोळ्यांतून गेला नव्हता आणि मला मी बरोबर असल्याची साक्ष हवी होती.

तेरावं झालं. मी जळगावला परतले. ग्रुप बंद केला नाही, चालूही ठेवला नाही म्हणा, नुसती बघत होते. आधी फुलं आली, जोडलेले हात आले. मग एकीने चाचरत विचारलं, उन्हाने फ्रिजचं दार सैल झालंय का, नीट लागत नाही. मग दुसरी. बायकांचे संसार सुतकात थांबत नाहीत. रोज सकाळी उठले की आधी बघायचे, पंकजने लिहिलं का? लिहिलेलं नसायचं. पण तुमच्या नावाखाली ‘ऑनलाइन’ दिसायचं.

आणि मग तो दिवस आला. भर दुपार. मी भरिताची वांगी गॅसवर भाजायला ठेवली होती. फोन वाजला. डोंगराच्या पायथ्याकडची कविता. तिचा नवरा केळीच्या गाड्या भरतो, आणि ती ग्रुपवर आजवर कधी काही बोलली नव्हती. तिने लिहिलं होतं, यांचा डावा खांदा सकाळपासून दुखतोय. आता जबडाही दुखतोय. घाम लई येतोय. कामाला जातो म्हणताहेत. काय लावू?

माझ्या हातातला चिमटा पडला.

तोवर उत्तरं सुरू झाली होती. भरभर, मायेने, नेहमीसारखी. मिठाचा शेक दे. बाम चोळ, जरा पडू दे. निरगुडीचा पाला बांध. आणि बेबीताईंच्या नावाखाली दिसायला लागलं की त्या आवाज भरताहेत. मला तो न ऐकताच पाठ होता: लसूण, ओवा, मंद आच.

आणि त्याच क्षणी, अक्का, तुमच्या नावाखाली ‘लिहीत आहे’ असं उमटलं.

 पंकज होता तो, मला माहीत होतं. तो आता लिहिणार होता, नाव घेऊन लिहिणार होता, आणि तिकडे बेबीताई आपल्या आवाजात तेल कढवत होत्या. दोघांच्या आधी मला लिहायचं होतं. खरं लिहायचं तर बेबीताईंना ते सगळ्यांदेखत कळणार. चार एसट्या बदलून नेलेलं समाधान मी एका ओळीत काढून घेणार. नाही लिहायचं तर कविताचा नवरा शेक घेऊन कामावर जाणार.

 मी लिहिलं, “काही लावू नकोस. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. त्यांना चालू देऊ नकोस. आपल्या अक्कांचा खांदा असाच दुखत होता. तो खांदा नव्हता, हृदय होतं.” आणि पुढे आपोआप लिहिलं गेलं, “मी तेव्हाच सांगितलं होतं.”

त्या वाक्याकडे मी बघितलं. किती दिवस ते माझ्या जिभेवर होतं! तुमच्या चितेपाशी होतं, दारावर होतं, तेराव्याच्या पंगतीत होतं. शब्द न् शब्द खरं.

मी ते पुसलं. त्याच्या जागी लिहिलं, “आपण सगळ्यांनी त्यांना तेल लावायला सांगितलं. मी पण.” आणि पाठवून दिलं.

 बेबीताईंचं आवाज भरणं थांबलं. तुमच्या नावाखालचं ‘लिहीत आहे’ही थांबलं. मी ओट्याला धरून उभी. मग तुमचं नाव पुन्हा हललं. बराच वेळ हलत राहिलं. मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा तुमच्या नावावर एक मेसेज होता. “कविताताई, गाव कोणतं? मी अक्कांचा मुलगा पंकज. गाडी काढली आहे.”

वांगी जळून कोळसा झाली होती, अक्का. मी गॅस बंद केला आणि खाली फरशीवर बसून जी रडले, ती तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच रडले. तोवर नुसता राग होता.

त्या दुपारी पंकज पुन्हा त्याच गाडीने, त्याच रस्त्याने निघाला. मागच्या सीटवर दुसरंच माणूस होतं. रावेरला इंजेक्शन दिलं आणि जळगावला न्या म्हणून सांगितलं. मी पुन्हा त्याच दारात उभी होते. सावद्याच्या पुढून पंकजचा फोन आला. आधी नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, “काकू, सावदा गेलं. बोलताहेत ते. पाणी मागताहेत.” मी म्हटलं, “देऊ नको, ये लवकर.” आणि ते आले. माणसाला आत घेतलं. संध्याकाळी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, वेळेवर आणलं.

कविता बाकावर बसून नुसती माझ्याकडे बघत होती. पंकज भिंतीला टेकून उभा होता, शर्ट घामाने चिंब. ग्रुप बंद करायचा विषय त्याने काढला नाही. जाताना एवढंच म्हणाला, “आईचा नंबर ग्रुपवरून काढू नका. इकडच्या गावांत कुणाला गाडी लागली तर मी आहे.”

म्हणून नियम केला मी, अक्का. तुम्ही नव्हता म्हणून तुम्हाला न विचारता केला. छातीत, खांद्यात, श्वासात काही असलं की आधी डॉक्टर. आणि नुसतं ‘डॉक्टरकडे जा’ म्हणायचं नाही, कोण घेऊन जाईल तेही तिथेच ठरवायचं. यावलकडे गाडीवाली एक आहे, चोपड्याकडे एकीचा भाऊ रिक्षा चालवतो. अर्धं माझं, अर्धं तुमचं. भांडण मिटलं असं मात्र समजू नका. तुम्ही यायला हवं होतं. गाडी तुमच्याशिवायही भरली असती.

आता शेवटचं.

बेबीताई गप्प होत्या. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. कविताचा नवरा वाचला म्हणून सगळ्या बायका नाचत होत्या, तरी त्यांचा शब्द नव्हता. मी फोन उचलायचे आणि ठेवायचे. काय बोलणार होते? मग एक दिवस त्यांचाच फोन आला. शेळी ओरडत होती. बराच वेळ फक्त तीच ओरडत होती.

“ताई,” त्या म्हणाल्या, “मी मांगलं बठ्ठं परत ऐकं. कोनी काय सांगं, ते बठ्ठं वाचाडी लिधं नातवाकडथीन. तेल मी सांगं. तू त तव्हयच लिखेल व्हतं, जळगावले या म्हनीसन. तू एकलीच लिखेल व्हतं.” त्यांचा आवाज फाटला. “मंग ‘आपन बठ्ठ्यासनी’ कसाले लिखं? ‘मी पन’ कसाले लिखं?”

‘आपण सगळ्यांनी’ आणि ‘मी पण’ का लिहिलं, याचं उत्तर माझ्याकडे होतं. पण ते माझं नव्हतं, तुमचं होतं. म्हणून मी त्यांना तुमची ती गोष्ट सांगितली. माझी पोपटी साडी, पदरावरचा चीक, मोरीतलं लिंबू. तुम्ही परसात गेलात, पान कापलंत आणि आपल्या चांगल्या पदरावरून दांडा फिरवलात, ते सगळं. साडी कोठीमागे दडवली, तेही.

बेबीताई ऐकत होत्या. शेळीही गप्प झाली होती. मग नाक ओढत त्यांनी विचारलं, “मंग? तुनी सासू काय बोलनी?”

“खूप बोलल्या,” मी म्हटलं. “पण दोघींना बोलल्या ना, बेबीताई. माझ्या वाट्याला अर्धंच आलं.”